शर्यत, घोडी आणि प्रेक्षकमंडप

घोड्यांच्या शर्यतीच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या प्रेमनाट्याचा विचार करू लागले, की लिओ टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'मधील (१८७५-७७) लष्करी अधिकाऱ्यांच्या शर्यतीचा प्रसंग प्रथम आठवतो. या प्रसंगाचा एक अर्थ आता जवळजवळ रूढ झाला आहे : फ्रू-फ्रू ही घोडी अ‍ॅनाचे प्रतीक, आणि व्रॉन्स्कीच्या चुकीने मोडलेली तिची पाठ ही अ‍ॅनाच्या शेवटाची पूर्वसूचना. या अर्थाला संहितेत आधार नाही असे नाही; परंतु तो फार स्वस्तात हाती लागतो आणि त्याची किंमत अ‍ॅनाला मोजावी लागते.

टॉलस्टॉयने ही शर्यत दोनदा सांगितली आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिल्यांदा आपण स्वाराबरोबर असतो. सतरा स्वार, नऊ अडथळे, पुढे धावणारा ग्लॅडिएटर आणि त्याला मागे टाकणारी फ्रू-फ्रू. शेवटच्या चरावरून झेप घेताना व्रॉन्स्कीला घोडीची लय सांभाळता येत नाही. तो अवेळी जिनावर टेकतो आणि ती कोसळते. संतापाच्या भरात तो तिच्या पोटात लाथही मारतो. दोष आपलाच, हे त्याला कळते. हे दुःख त्या घोडीचे आहे. त्याला दुसऱ्या कशाची खूण होण्याची गरज नाही.

दुसऱ्यांदा तीच शर्यत प्रेक्षकमंडपातून दिसते, आणि येथे कॅरेनिन धावपट्टीकडे पाहतच नाही. तो पत्नीचा चेहरा वाचतो. दुसरा एक स्वार पडतो, सारा मंडप हळहळतो, अ‍ॅना मात्र निश्चल. व्रॉन्स्की पडताच तिचा तोल सुटतो. स्वार वाचला, घोडीची पाठ मोडली, अशी वार्ता येते आणि अ‍ॅना पंख्याआड तोंड लपवून रडते. मघाशी ज्या मृत्यूने आपल्याला हलवून सोडले, तो मंडपात एका वाक्यात संपतो. प्रतीकार्थाच्या मोहात हा कठोर फरक निसटतो.

झोलाच्या 'नाना'मध्ये (१८८०) शर्यतीतील घोडीला नायिकेचेच नाव आहे, आणि जनसमुदाय जयघोष करतो तो नेमका कोणाचा, हे कळेनासे होते. तिथे प्रतीक उघड आहे आणि झोलाच्या योजनेला ते शोभतेही. टॉलस्टॉयची नायिका मात्र परतीच्या वाटेवर, बग्गीत, पतीला आपल्या तोंडाने सांगते, की तिचे व्रॉन्स्कीवर प्रेम आहे. घोडीला बोलता येत नव्हते. तिच्या मुक्या अंतात अ‍ॅनाचे भवितव्य शोधणारा समीक्षक तिचे हे बोलणे ऐकतो का, असा प्रश्न पडतो. कॅरेनिनने ते ऐकले. थोड्याच वेळापूर्वी मंडपात शर्यतींच्या लष्करी उपयुक्ततेवर विवेचन करणाऱ्या त्या गृहस्थाने उत्तरादाखल एवढेच बजावले, की पुढील उपाययोजना ठरेपर्यंत बाह्य शिष्टाचार कसोशीने पाळला जावा.