'हूक्ड'मधले दोन प्रश्न

नीर एयाल यांचं 'हूक्ड' (२०१४) आम्ही सॉफ्टवेअरवाले पाठ्यपुस्तकासारखं वाचतो. ट्रिगर, कृती, अनिश्चित बक्षीस, गुंतवणूक: सवय लावण्याची ही साखळी त्यात नेटकी मांडली आहे. बक्षिसाची कडी स्किनरच्या प्रयोगांतून आलेली. दाणा कधी पडेल ठाऊक नसलं की कबुतर चोच मारतच राहतं. फीड ओढणारा अंगठाही तसाच.

खटकतो तो नीतीचा भाग. 'हे मी स्वतः वापरेन का? यानं लोकांचं आयुष्य खरंच सुधारेल का?' हे दोन प्रश्न बनवणाऱ्यानं स्वतःला विचारायचे. उत्तर देणाराही तोच! (पगारही त्याच बटणावर.) ज्याचा अंगठा, त्याला कुणी विचारतच नाही.

२०१९मध्ये एयाल यांनीच विचलित न होण्यावर 'इनडिस्ट्रॅक्टेबल' लिहिलं. त्यातही बहुतेक मेहनत वापरणाऱ्याच्याच माथी.