न देखता आनंद

वारकऱ्याचा आनंद बहुधा डोळ्यांतून सुरू होतो. विटेवरचे रूप समोर असते. पेत्राचे पहिले पत्र मात्र ज्यांनी ख्रिस्ताला पाहिलेच नाही त्यांच्या आनंदाविषयी बोलते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांपुढे १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर हाच पेच होता: अभंग हाती, पण मूर्ती नाही. (प्रॉटेस्टंट उपासनेत तिला स्थानच नव्हते.) त्यांच्या उत्कृष्ट अभंगांत म्हणूनच भर रूपवर्णनापेक्षा संबोधनावर आहे. ख्रिस्त तेथे माउली होतो, गुरू होतो. काळोखात आईला हाक मारणाऱ्या मुलाला ती दिसत नसते, तरी हाकेतच त्याला धीर येतो; टिळकांचा आनंद या जातीचा आहे, उसना नव्हे. जेथे ते सिद्धान्त समजावू लागतात, तेथे मात्र हाक थांबते आणि अभंगाचे प्रवचन होते.