मुतखड्याची जात आणि खारपाणपट्ट्याचा प्रश्न

मुतखडा शरीरात असतानाच तो कशाचा बनला आहे हे सांगणारे 'द्वि-ऊर्जा सीटी स्कॅन' हे गेल्या वीस वर्षांतील उपयुक्त तंत्र आहे. त्याविषयी लिहिताना मात्र खड्याचे संपूर्ण रासायनिक पृथक्करणच आता यंत्र करते, असे सर्रास म्हटले जाते. हा दावा कितपत टिकतो आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला त्याचा उपयोग किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम यामागील विज्ञान पाहू. साधा सीटी स्कॅन प्रत्येक बिंदूला एक आकडा देतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००. युरिक आम्लाचे खडे साधारणपणे ५०० च्या खाली राहतात, तर कॅल्शियम ऑक्झलेटचे बरेचदा ८०० च्या वर जातात. अडचण अशी, की कॅल्शियमचा बारीक खडा भोवतालच्या मऊ ऊतींबरोबर मोजला गेला, की त्याचाही आकडा खाली येतो. एकाच आकड्यावरून पदार्थ ओळखणे म्हणजे नुसत्या वजनावरून पिशवीतले धान्य ओळखण्यासारखे आहे.

यावर तोडगा हाउन्सफील्ड यांनीच सुचवला होता. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ मध्ये लंडन येथे झाली. १९७३ च्या आपल्या लेखात त्यांनी एकाच छेदाची १०० आणि १४० किलोव्होल्ट अशी दोन चित्रे घेऊन पदार्थांत भेद करता येईल, असे नमूद केले. क्ष-किरण पदार्थात मुख्यतः दोन मार्गांनी क्षीण होतात. एक प्रकाशविद्युत शोषण, दुसरे कॉम्प्टन विकिरण. पहिले अणुक्रमांकाच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते आणि किरणांची ऊर्जा वाढली की झपाट्याने घटते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, त्याचा घन ५१२. कॅल्शियमचा २०, त्याचा घन ८०००. म्हणजे ग्रॅममागे कॅल्शियमचे शोषण सुमारे सोळापट. युरिक आम्लात फक्त कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात. त्यामुळे ८० आणि १४० किलोव्होल्टवर त्याचे आकडे जवळजवळ सारखे राहतात. कॅल्शियमयुक्त खड्याचा आकडा ८० वर बराच चढतो. या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून खड्याची जात ठरवली जाते.

येथपर्यंत सर्व ठीक. ३ मिलिमीटरहून मोठा खडा युरिक आम्लाचा आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर हे यंत्र बहुतांशी बरोबर देते. त्याला वैद्यकीय मोलही आहे. पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचा सामू ६.५ ते ७ दरम्यान ठेवला, तर युरिक आम्लाचा खडा विरघळू शकतो आणि शस्त्रक्रिया टळू शकते. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असा विरघळत नाही.

दावा फसतो तो याच्या पुढे. दोन मोजमापे म्हणजे दोन समीकरणे. त्यातून दोनच अज्ञाते सुटतात, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल. येथे ती अज्ञाते म्हणजे प्रकाशविद्युत शोषणाचा वाटा आणि कॉम्प्टन विकिरणाचा वाटा. स्फटिकाचे नाव त्यात नाही. ते आपण तक्त्यावरून अनुमानाने लावतो. कॅल्शियम ऑक्झलेटच्या दोन रूपांत फरक असतो तो मुख्यतः स्फटिकातील पाण्याचा. एकजलीय रूप कठीण असते आणि लिथोट्रिप्सीला सहज दाद देत नाही; द्विजलीय त्या मानाने लवकर फुटते. उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा हा भेद यंत्राच्या नजरेत पुसट होतो. सिस्टीन आणि स्ट्रुव्हाइट यांची गुणोत्तरेही जवळजवळ येतात. शिवाय कितीतरी खडे मिश्र असतात: गाभा एकाचा, वेष्टन दुसऱ्याचे.

फोटॉन मोजणाऱ्या नव्या सीटी यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते किरणांची ऊर्जेनुसार अनेक कप्प्यांत विभागणी करते. त्याने अचूकता वाढते, बारीक खडे स्पष्ट दिसतात. पण खड्यातल्या मूलद्रव्यांना या ऊर्जापट्ट्यात स्वतःची अशी वेगळी खूण नाही. त्यामुळे कप्पे वाढले तरी मूळ अज्ञाते दोनच राहतात.

आता बुलढाणा जिल्हा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. घाटाखाली पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील बरीच गावे खारपाणपट्ट्यात येतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतात. या पट्ट्यात अनेक विहिरी ही वरची मर्यादाही ओलांडतात. 'खारे पाणी म्हणून मुतखडे' हे विधान तेथे इतके रुळले आहे, की ते तपासावे असे कोणाला वाटत नाही.

रसायनशास्त्र मात्र इतके सरळ नाही. जास्त सोडियम पोटात गेले की लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. हे खड्याला पोषक. पाण्यातील बायकार्बोनेटने लघवीचा सामू आणि सायट्रेट वाढते. हे बऱ्याच खड्यांना मारक. पाण्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते, हेही मारक. आणि पाणी मचूळ लागते म्हणून माणूस कमी प्याला तर लघवी दाट होते. हे पुन्हा पोषक. यांतला कोणता परिणाम वरचढ ठरतो, हे खड्यांची जात कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. येथे जातीचा प्रश्न एका रुग्णापुरता न राहता सगळ्या पट्ट्याचा होतो.

घाईने कारण ठरवण्याचा धोका याच जिल्ह्याने नुकताच अनुभवला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या नमुन्यांत सेलेनियम वाढल्याचे दाखवून रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. अंतिम कारणाविषयी मतभेद असोत. पण नमुना तपासल्यावर चर्चेची दिशा बदलली, एवढे निश्चित.

मुतखड्याचा नमुना तर फुकट मिळतो. लघवीवाटे पडलेला किंवा शस्त्रक्रियेत निघालेला खडा अवरक्त वर्णपटमापनाने तपासला, की त्यातील घटक आणि त्यांचे प्रमाण कळते. रुग्णाला किरणोत्सर्ग सोसावा लागत नाही. सीटीची अचूकता जोखतात तीही याच कसोटीवर. तरीही बहुतेक खडे मोरीत किंवा कचऱ्यात जातात. माझी मुख्य तक्रार आहे ती येथेच. जिल्ह्यासाठी कोट्यवधींचे यंत्र मागण्याआधी घाटावरचे आणि घाटाखालचे खडे गोळा करून त्यांची तुलना व्हायला हवी. खडा अजून आत आहे आणि औषधाने विरघळेल का हे ठरवायचे आहे, अशा रुग्णाला द्वि-ऊर्जा सीटीसाठी मोठ्या शहरी पाठवणे योग्यच. मूत्रपिंडे हळूहळू निकामी होण्याचा आजार मात्र वेगळा. त्याची सुरुवात हुडकायला रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिने तपासावी लागतात. मुतखड्याच्या चर्चेत तो झाकला जाऊ नये.

वर्गात हा विषय घेण्यास लाल आणि निळे जिलेटीन कागद पुरेत. पांढऱ्या कागदावर लाल आणि निळ्या खडूने रेघा ओढा. लाल जिलेटीनमधून लाल रेघ पुसट होते, निळी काळपट दिसते, निळ्यातून उलट. मग जांभळी रेघ ओढून विचारा, की हा एकच रंग आहे की लाल-निळ्याचे मिश्रण? दोन कागदांनी हे का सांगता येत नाही, याचे उत्तर मुलांनी शोधले तर द्वि-ऊर्जा सीटीचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्यांना कळतील. आणि इटलीतला एक प्रयोगही त्यांना सांगावा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकदा खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले होते. दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. इतके पाणी रोज पिता यायचे तर ते गोडे हवे. वान धरणावरून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी झालेल्या नळयोजनेकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.