वाचनयंत्र आणि रंगाचा मोह

पुस्तके वाचण्याच्या यंत्राला रंगीत पडदा असावा की नसावा, हा प्रश्न वरवर यांत्रिक भासतो. परंतु त्याच्या मुळाशी वाङ्मयविषयक एक गृहीतक आहे. जे लोकप्रिय ते रंगीत, आणि रंग आला की वाचकही येणार, हे ते गृहीतक होय.

२००७ साली ‘किंडल’ निघाले ते करड्या छटांचे. त्याचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचाच प्रकाश परावर्तित करी. भर उन्हातही पान स्वच्छ दिसे. २०१० मधील ‘नूक कलर’ला रंग होता, पण पडदा पाठीमागून उजळणारा, टॅब्लेटच्या जातीचा. २०२४ मध्ये कोबो व किंडल यांनी ई-इंकची रंगीत यंत्रे आणली. या यंत्रांत रंग शाईत नसतो. कृष्णधवल पडद्यावर सूक्ष्म रंगगाळण्यांचा थर बसविलेला असतो. हा थर प्रकाशाचा काही अंश गिळतो, म्हणून पान किंचित मळकट दिसते व पुढून दिव्याची जोड अधिक लागते. काळे अक्षर इंचाला ३०० बिंदूंनी उमटते, रंग मात्र १५० बिंदूंनीच. रंगीत ठशातील बारीक जोडाक्षर त्यात सुबक दिसेल कसे? एकंदरीत, ज्याला कादंबरीच वाचावयाची आहे त्याने न पाहिलेल्या चित्रांचा कर पानोपानी भरावयाचा!

लोकप्रियतेचा मुद्दा तर याहून दुबळा आहे. जपानमधील ‘मांगा’ चित्रकथांएवढा वाचकवर्ग फार थोड्या वाङ्मयाला लाभला असेल. त्यांची पाने बहुतांशी कृष्णधवलच असतात. आपल्या दिवाळी अंकांचेही तेच. मुखपृष्ठ झगझगीत, आतील मजकूर बहुधा काळ्या शाईत. त्यामुळे कोणी अंक परत केल्याचे ऐकिवात नाही.

मुलांची चित्रपुस्तके, नकाशे, चित्रकलेवरील ग्रंथ यांची गोष्ट वेगळी. तेथे रंग हा अर्थाचाच भाग असतो, आणि त्यांच्यासाठी थोडा मळकटपणा सोसणे रास्तच ठरेल. पण अशी पुस्तके मराठीत त्या यंत्रावर आहेत किती? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. इंदूर-बडोद्याच्या ज्या वाचकाला मराठी ग्रंथविक्रेता जवळ नाही, त्याला या सोयीचे मोल अधिक वाटावे. परंतु त्याला हवा असलेला जुना कथासंग्रह यादीतच नसेल, तर पडद्यावर चार सहस्र रंग उमटले काय नि न उमटले काय! प्रकाशकांनी आधी ती यादी वाढवावी, आणि तीत बालवाङ्मयाला पहिले स्थान द्यावे. त्यानंतर रंगीत पडद्याची मागणी शिक्षकच करतील.