मोती, मोहरा आणि खुर्दा : पानिपतच्या मराठी स्मृतीविषयी

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती, पण दूधवाल्याने उद्या नक्की पैसे देतो म्हटले की ती म्हणायची, ‘विश्वास गेला पानिपतात!’ हा विश्वास म्हणजे विश्वासराव पेशवे, हे तिला ठाऊक होते की नाही, हे मी कधी विचारले नाही. पुढे महाविद्यालयात मराठी शिकवताना वाक्प्रचारांचा तास आला की मी आजीचे हे वाक्य सांगत असे आणि त्याला जोडून ‘संक्रांत कोसळणे’ हाही प्रयोग पानिपतातून आला, असे ठासून सांगत असे. १४ जानेवारी १७६१ ही तारीखच त्याला पुरावा वाटे. वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने शंका घेतली नाही, आणि मीही घेतली नाही.

ती शंका निवृत्तीनंतर सहज पंचांग चाळताना आली. मकरसंक्रमण सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्याची तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेलो, तर १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. म्हणजे संक्रांत होऊन चारेक दिवस उलटले होते. ‘संक्रांत’ या शब्दाला चिकटलेली भीती पंचांगातल्या संक्रांतफलात शोधणे अधिक सरळ आहे : देवीचे वाहन कोणते, वस्त्र कोणते, ती कोणत्या दिशेला पाहते आणि त्या दिशेवर कोणते संकट येते. विसाव्या शतकात संक्रांत १४ जानेवारीला स्थिरावली आणि मग आम्ही ती मागे नेऊन रणांगणावर ठेवली. ही माझी चूक इथे सांगण्याचे कारण इतकेच, की स्मृती कशी घडते याचा हा छोटा नमुना आहे. ती आपल्या सोयीने तारखा जुळवते. मग ती माणसेही सोयीनेच निवडते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुन्हापुन्हा एक चिठ्ठी आठवते. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची पहिली बातमी कळली ती एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासात ते दिले आहे आणि मराठी घरांत ते शाळेच्या पुस्तकांतून पोहोचले आहे. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये व तांबे किती गेले त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. उरलेला खुर्दा म्हणजे बाकी सगळे. सावकार हिशेबाला पक्का होता. माझे म्हणणे असे, की पुढच्या अडीचशे वर्षांतल्या आपल्या साहित्याने बहुतांशी त्याचाच हिशेब चालू ठेवला.

रघुनाथ यादवाची ‘पानिपतची बखर’ गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली गेली. विश्वासरावांची आई विचारते आहे आणि लेखक सांगतो आहे, तेव्हा त्या कथेच्या मध्यभागी मोतीच असणार. याबद्दल बखरकाराला दोष देता येणार नाही. बखरींनी महाभारताचे रूपक हाताशी घेतले. कुरुक्षेत्र जवळच होते आणि सर्वनाश समजून घ्यायला तोच साचा मराठी मनाला ओळखीचा होता. पण या साच्यात महारथी ठळक होतात आणि अक्षौहिणी हा नुसता आकडा उरतो.

पुढच्या काळातही केंद्र फारसे हलले नाही. भाऊंच्या मृत्यूबद्दलच्या संशयातून तोतया उभा राहिला, त्याच्यामुळे १७७६मध्ये पेशवाईला हादरा बसला आणि त्यावर न. चिं. केळकरांनी १९१३मध्ये ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. पार्वतीबाईंनी १७८३मध्ये मरेपर्यंत स्वतःला विधवा मानले नाही, हे आपण हळहळून सांगतो. ज्यांचा नवरा परत आला नाही आणि मेल्याची खात्रीही झाली नाही, अशा बायका सातारा-नगरपासून खानदेशापर्यंत गावोगाव असणार. त्यांची अनिश्चितता नाटकाचा विषय झाली नाही. गोविंदाग्रजांच्या ‘पानपतचा फटका’ या कवितेने पराभवाला वीररसाचा आवाज दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पाठ झाला.

त्र्यं. शं. शेजवलकरांनी मात्र प्रश्नच बदलला. १९४६मध्ये इंग्रजीत आणि लढाईच्या द्विशताब्दीला, १९६१मध्ये, मराठीत आलेल्या त्यांच्या ग्रंथाने पानिपत कोणामुळे हरलो यापेक्षा कशासाठी लढलो हे विचारले. परकी सत्ता हिंदुस्थानात स्थिर होऊ नये यासाठीचा तो लढा होता, या त्यांच्या मांडणीने अपमानाच्या आठवणीला अर्थ मिळाला. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) हा अर्थ घराघरात नेला आणि बखरीतल्या गर्विष्ठ भाऊच्या जागी एक शोकनायक उभा केला. या कादंबरीत उपासमार आहे, छावणीचे हाल आहेत. खुर्दा प्रथमच डोळ्यांना दिसतो. तरी आपण तो पाहतो भाऊंच्या डोळ्यांनी. कादंबरी मिटल्यावर मनात राहतो तो एक मोती, हे तिचे यश आणि तिची मर्यादा दोन्ही आहे.

या निवडीचा सर्वांत बोचरा पुरावा भाषेतच आहे. ‘गारदी’ म्हटले की मराठी वाचकाला शनिवारवाडा आणि १७७३चा नारायणरावांचा खून आठवतो. पण त्याआधी बारा वर्षे इब्राहिमखान आणि त्याचे गारदी पानिपतावर डाव्या बगलेला रोहिल्यांशी भिडले होते. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. निष्ठेची ही कथा आपण व्याख्यानात सांगतो, पण शब्दाने मात्र खुनाचीच आठवण धरली.

मग खुर्द्याच्या बाजूने काहीच बोलले गेले नाही का? एक कागद आहे. नाना फडणीसांचे छोटेसे आत्मचरित्र. पानिपतावर ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते, आईला घेऊन तीर्थयात्रेच्या ओढीने फौजेबरोबर गेलेले. पराभवानंतरच्या पळापळीत आईची ताटातूट झाली आणि ती परत आली नाही. स्वतःचे दोष न झाकता सांगणाऱ्या या लेखनात अजून ‘राजकारणी नाना’ नाही. जीव वाचलेला आणि आईला वाचवू न शकलेला एक मुलगा आहे. माझ्या मते पानिपतवरचे सर्वांत खरे मराठी गद्य हेच. अभ्यासक्रमात पानिपतचा धडा ठेवायचा झाला, तर मी रणवर्णनाऐवजी ही पाने ठेवीन.

काही वर्षांपूर्वी मी पानिपतला गेलो. ‘काला अंब’ची स्मारके पाहिली. पण गावात फिरताना कळले, की या शहराला स्वतःची दुसरी स्मृती आहे. बू अली शाह कलंदरचा दर्गा आहे. उर्दू वाचकाला हे कवी हालींचे गाव आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी इथले हातमाग भरभराटीला आणले. एका दुकानात सतरंजी घेताना मी ‘महाराष्ट्रातून आलो’ म्हटल्यावर दुकानदार लगेच म्हणाला, ‘लढाईसाठी ना?’ आमच्यापुरते त्या गावाचे क्रियापद झाले आहे, हे त्याला माहीत होते.

हरियाणातल्या रोर समाजातील अनेक जण आज स्वतःला पानिपतानंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात आणि १४ जानेवारीला शौर्यदिन पाळतात. समाजाची दुसरी परंपरा स्वतःला जुन्या रोर राजवंशाशी जोडते. इतिहास म्हणून हा दावा पारखायलाच हवा. पण साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : ज्या खुर्द्याची गणती झाली नाही, त्याच्याशी नाते सांगायला कोणी तरी पुढे येते आहे. इकडे आपण पराभवाचे वाक्प्रचार केले, तिकडे त्याच दिवसाची वंशावळ झाली. दोन्हीकडे स्मृती आजच्या गरजेतून बोलते आहे.

आजीचे वाक्य मी अजूनही वर्गाबाहेर सांगतो. संक्रांतीची व्युत्पत्ती मात्र सोडली. एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता स्वतः मराठी शिकवतो, मी फोन करून चूक सांगितली. तो म्हणाला, ‘सर, मी तर दरवर्षी तेच सांगतो.’ यंदा जानेवारीत तो आपल्या वर्गात नानांची ती पाने वाचणार आहे.