शिंगे नसलेला मुखवटा

जपानच्या ईशान्येकडील इवाते प्रांतात, किताकामी परिसरातील गावांत, ‘ओनि केनबाइ’ हे लोकनृत्य परंपरेने चालत आले आहे. ‘ओनि’ म्हणजे राक्षस. या नृत्याची चित्रफीत प्रथम पाहिली तेव्हा ते वटारलेले डोळे आणि विचकलेले दात पाहून, हे सैतानाचेच सोंग, असा आमचाही समज झाला. परंतु या मुखवट्यांना शिंगे नाहीत, आणि एवढ्या एका गोष्टीने साऱ्या नृत्याचा अर्थ पालटतो. हे राक्षस नव्हेत; दुरिताला धाक बसावा म्हणून उग्र रूप धारण केलेले हे बुद्ध होत, अशी तेथील श्रद्धा. करुणेचा चेहरा कधी संतप्तही असतो, हे मंदिरातील व्यापाऱ्यांवर आसूड उगारणाऱ्या प्रभूला ओळखणाऱ्यांना नवे वाटू नये.

परंपरा या नृत्याचा उगम एन् नो ग्योजा या सातव्या शतकातील तपस्व्यापाशी नेते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तथापि डोंगरात राहून खडतर साधना करणाऱ्या ‘शुगेन्दो’ पंथाची खूण नर्तकांच्या पावलांत स्पष्ट दिसते. ‘हेनबाइ’ म्हणजे अमंगळाला भूमीत दडपून टाकणारा, मंत्रासारखा पदन्यास. ढोल, बासरी आणि झांजांच्या तालावर नर्तक गुडघे वाकवून पाऊल असे रोवतात की, तलवारींची चपळाई त्यापुढे दुय्यम वाटावी. आमच्या मते या नृत्याचा प्राण पावलांत आहे.

१८७२ साली मेजी सरकारने शुगेन्दोवर बंदी घातली. (ख्रिस्ती धर्माच्या मनाईचे फलक त्याच सरकारने पुढल्या वर्षी उतरवले, हा इतिहासाचा विलक्षण योग!) पंथ मोडला, पण शेतकऱ्यांनी नृत्य जपले. ‘ओबोन’च्या दिवसांत, पूर्वजांच्या स्मरणार्थ, ते आजही नाचले जाते. नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना त्यामागील भाव सहज उमगेल.

२०२२ साली युनेस्कोने जपानच्या एकेचाळीस ‘फूर्यू-ओदोरी’ नृत्यांना वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत हेही आहे. हा गौरव उचितच. परंतु महोत्सवाच्या रंगमंचावर ज्यांच्यासाठी नाचायचे ते मृत कोठे असतात? तेथे प्रेक्षक असतात, आणि टाळ्या पडतात त्या तलवारींच्या कसरतीला. आम्ही पाहिलेल्या चित्रफितीतही कॅमेरा मुखवट्यांवरच रेंगाळतो. पावले बहुतांश चौकटीबाहेर राहतात.