आधी म्हणजे नेमके केव्हा? – सहाध्यायींच्या अभिप्रायाविषयी



गर्भातील अवयवांची घडण आणि त्यावरच्या प्रकल्पांना विद्यार्थ्यांनी एकमेकांना द्यायचे अभिप्राय, असा आजचा विषय. यात तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचे काय काम, असे कुणाला वाटेल. काम आहे. अभिप्राय म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानाची तपासणी. 'हे तुला कसे कळले?' हा प्रश्न तर आमच्या शास्त्राचे भांडवलच आहे.

प्राणिशास्त्राची मुलं-मुली हृदयाची, मेंदूची, ओठ-टाळूची घडण पोस्टरवर मांडतात आणि मग एकमेकांना शेरे देतात. असे शेरे आम्ही बरेच वाचले आहेत. 'खूप छान', 'चित्रे सुबक', 'अक्षर सुधारा', 'अजून माहिती हवी होती'. बघा, हेच चार शेरे कपाशीच्या बोंडअळीवरच्या पोस्टरला लावले तरी एक शब्द बदलावा लागत नाही. जो शेरा कुठल्याही पोस्टरला चालतो, तो कुठल्याच पोस्टरवर दिलेला नसतो. ती फक्त हजेरी झाली. दुसरं टोकही आहे. भर वर्गात एखाद्याची स्पेलिंगची चूक काढायची आणि हशा पिकवायचा. आपल्याकडे त्याला 'जिरवणं' म्हणतात. त्यातून भ्रूणाविषयी कुणालाच काही कळत नाही.

आता जुने उदाहरण घेऊ. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात, गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो यावर ऋषींची मते दिली आहेत. कुमारशिरा भरद्वाज म्हणतो डोके, कारण सर्व इंद्रियांचे ते अधिष्ठान. कांकायन म्हणतो हृदय, कारण ते चेतनेचे स्थान. भद्रकाप्य म्हणतो नाभी, कारण आहार तिथून येतो. बडिश म्हणतो हातपाय, कारण माणसाची साधने तीच. मारीचि कश्यप म्हणतो, प्रत्यक्ष दिसत नाही, तेव्हा यावर विचारच करता येत नाही. धन्वंतरी म्हणतो, सगळे एकदमच. आणि आत्रेय त्याची बाजू घेतो.

प्रत्येकाने कारण दिले आहे, हे मोठेपण मान्यच. पण पहिली चारही कारणे महत्त्वाची आहेत, काळाची नाहीत. 'महत्त्वाचे, म्हणून आधी' हा हेतू टिकत नाही. घरात देवघर महत्त्वाचे, पण गवंडी आधी पाया खणतो. आणि नेमकी हीच चूक आजच्या पोस्टरवर भेटते: 'हृदय हा सर्वांत महत्त्वाचा अवयव असल्याने तो प्रथम तयार होतो.' इथे चांगला सहाध्यायी काय विचारेल? 'आधी म्हणजे काय? आधी सुरू होतो, आधी काम करू लागतो, की आधी पूर्ण होतो?' हृदय हा आधी कामाला लागणारा अवयव. माणसाच्या गर्भात साधारण 22व्या दिवसाच्या सुमारास ते धडधडू लागते, आणि तेव्हा त्याचे चार कप्पे झालेलेही नसतात. मेंदूची सुरुवातही त्याच काळात होते, पण त्याची घडण जन्मानंतरही चालू राहते. एका 'आधी' शब्दात तीन प्रश्न लपलेले असतात. ते सुटे करून देणे म्हणजे अभिप्राय.

कश्यपाच्या शंकेलाही उत्तर आहे. दिसत नाही ना? मग दिसेल असे करा. कोंबडीचे अंडे 21 दिवस उबते. ॲरिस्टॉटलने दिवसागणिक अंडी फोडून आत काय बदलते ते नोंदवले. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये 24, 33, 48, 72 तासांच्या भ्रूणाच्या स्लाइड असतात, त्या याच परंपरेतल्या. म्हणून दुसरा प्रश्न: 'हे चित्र तू स्लाइडवरून काढलेस की पुस्तकातून?' हा प्रश्न क्षुल्लक नाही. जर्मनीच्या हेकेलने 1868च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण सारखे दिसतात असे दाखवले. रूटिमायर या प्राणिशास्त्रज्ञाने नीट पाहिले आणि सांगितले, सारखे दिसणारच, कारण एकच ठसा तीनदा छापला आहे! पुढच्या आवृत्तीत हेकेलला तो भाग बदलावा लागला. रूटिमायर 'चित्र वाईट' म्हणाला नाही. बोट कुठे ठेवायचे ते त्याला ठाऊक होते.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो: 'तुझे आठवडे कुठून मोजले आहेस?' भ्रूणशास्त्राचे पुस्तक गर्भधारणेपासून मोजते, दवाखाना शेवटच्या पाळीपासून. दोन आठवड्यांचा फरक. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. दवाखान्याच्या हिशोबाने तो सहावा आठवडा, म्हणजे बाईची पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली. पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून तर फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात. पोस्टरवर 'तिसऱ्या महिन्यापासून गोळी' असे लिहिले आणि सहाध्यायीने 'छान' म्हटले, तर ते पोस्टर पुढे एखाद्या गावातल्या भिंतीवर लागू शकते. तिथे कुणी गुण देत नाही. तिथे ते पाळले जाते.

अजून एक बोलू. ओठ फाटलेलं लेकरू जन्मलं की आपल्या खेड्यांत आधी त्याच्या आईकडं बघतात. ग्रहणात हिनं काहीतरी चिरलं असेल! आता ओठ-टाळूवरच्या पोस्टरपाशी उभ्या असलेल्या मुलीने एवढंच विचारावं: 'वरचा ओठ कधी जुळतो?' साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात, टाळू बाराव्यापर्यंत. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेला ओठ कसा उसवेल? इथे हुशार सहाध्यायी थांबणार नाही. तो म्हणेल, 'पण ग्रहण दुसऱ्याच महिन्यात पडलं असेल तर?' शंका रास्त आहे. नुसत्या तारखांनी आरोप पूर्ण फिटत नाही. म्हणून पोस्टरला आणखी एक चौकट हवी: ग्रहण सगळ्या मुलखाला लागते, मग त्या काळातल्या बाकी गरोदर बायांची बाळे नीट कशी? आणि ग्रहण नसतानाही असे बाळ का जन्मते? त्यापुढे आनुवंशिकता आणि इतर ज्ञात कारणे. असा अभिप्राय पोस्टर पाडत नाही, त्याला पुरते उभे करतो. एका आईवरचा ठपका त्याने उतरू शकतो.

आमच्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ खोडून काढणे ती वितंडा. चरकानेही वैद्यांच्या चर्चेचे दोन भेद केले आहेत, सलोख्याची आणि झुंजीची. 'छान आहे' हा शेरा यांपैकी कशातच बसत नाही, कारण तिथे चर्चा सुरूच झालेली नाही.

आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत. पोस्टरसमोर उभ्या असलेल्या पोट्ट्यांनी तेवढं उचललं तरी पुरे. 'आधी म्हणजे काय, कशावरून, आणि कुठून मोजलंस?' हे तीन प्रश्न मित्राच्या खांद्यावर हात ठेवूनही विचारता येतात.